उंटिणीचं दूध चालतं का?

तक्रार अस्सल पुणेरी होती. 'आमच्या सोसायटीसमोरील मोकळ्या प्लॉटवर गेले काही आठवडे उंट उभे असून त्यांचे दूध माणसांना विकले जात आहे. उंटिणीचे दूध विकणे कायद्यात बसते काय? बसत असल्यास तसे कळवावे, म्हणजे आम्हीही रांगेत उभे राहू. बसत नसल्यास आपण तूर्त काय करीत आहात, ते कळवावे.'

माझ्या साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, विश्रांतवाडीच्या पुढेच आहे हे. तुमच्याच घराच्या वाटेवर. बघून घ्या जरा."

मी अन्नसुरक्षा अधिकारी आहे. नोकरीतला निम्मा काळ दुधातच गेला म्हणायला हरकत नाही. पाणी घातलेलं, पावडर घातलेलं, साय काढून घेतलेलं, सगळं दूध पाहून झालंय. पण ते गाईचं किंवा म्हशीचं. शेळीचं दूध विकणारे एक-दोघं कधीतरी भेटले होते. उंटिणीचं दूध नोकरीत कधीच समोर आलं नव्हतं. तरी तक्रारदाराच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं असतं. चालतं. गाई-म्हशींसारखंच शेळी, मेंढी आणि उंटिणीच्या दुधालाही मानक ठरवून दिलेलं आहे. गाढविणीचं विचारलं असतं, तर मला पुस्तक उघडावं लागलं असतं. फक्त विकणाऱ्याची नोंदणी हवी, भांडी स्वच्छ हवीत, दुधात दूधच हवं आणि त्याने अमुक रोग बरा होतो असं कुठे लिहिलेलं नको. एवढं असलं की झालं.

पण तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. कारण उंटिणीचं दूध मी प्यायले होते. लहानपणी, यवतमाळकडच्या आमच्या गावात, हिवाळ्यात रोज सकाळी.

आई तिथल्या शाळेत शिक्षिका होती. आमचं घर वस्तीच्या टोकाला, त्यापुढे नुसती शेतं. कापूस निघाला, तुरी निघाल्या की त्या मोकळ्या शेतांत रबारी लोक उतरायचे. कच्छकडून मेंढ्या चारत चारत ते विदर्भापर्यंत यायचे, सामान उंटांवर लादलेलं. शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात रात्रीच्या बसवून घ्यायचे, खतासाठी. आम्हा मुलांना मेंढ्यांचं काही नव्हतं. आम्ही उंट बघायला पळायचो.

एका वर्षी त्यांच्यातली एक बाई पाणी मागायला आमच्या दारात आली. काळी लोकरी ओढणी, आणि मनगटापासून पार दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आई उंबऱ्याशी गेली आणि पाणी द्यायच्या आधी तिने विचारलं, "आमच्या घरचं चालते का? नसन चालत तर पलीकडे गावात इचारा."

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून. गावात तोंडावर कोणी काही म्हणत नसे, आईला तर सगळे 'बाई' म्हणून मानाने हाक मारत. पण आमच्या घरचं पाणी कोण पितं आणि कोण नुसतं 'आत्ताच पिऊन आलो' म्हणतं, ते आम्हा पोरांनासुद्धा पाठ होतं. म्हणून नवा माणूस दारात आला की आई आधीच सांगून टाकायची. नंतर कोणी त्याला सांगावं आणि त्याने आमच्या दारात थुंकावं, त्यापेक्षा ते बरं, असं तिचं म्हणणं.

त्या बाईला मराठी कळत नव्हतं. ती नुसती हसली, तांब्या उचलला आणि वरून घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. आणखी मागितलं. मग तिथेच ओट्यावर बसली, आईच्या हातातली भाकरी घेऊन खाल्ली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पितळी लोटा घेऊन आली. वरपर्यंत फेस. आईने पैसे काढले, तर तिने आईची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. आई सांगते, "तिचे हात असे खरखरीत होते का, मले वाटलं माह्या मायचेच हात हायेत."

आम्हाला दूध विकत आणावं लागायचं. तेही घेताना आपलं भांडं खाली ठेवायचं आणि समोरच्याने वरून ओतायचं. कोणी आपण होऊन आमच्या घरी दूध आणून दिलंय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. ते दूध पातळ होतं, किंचित खारट. चहा केला की वर फेस राहायचा. आईने एकदा विरजण लावून पाहिलं, तर ते काही नीट लागेना. दोघी त्या भांड्यात बघून खूप हसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि तरी त्या तासन्‌तास ओट्यावर बसायच्या. एकीच्या हातात तकली, लोकर कातणं चाललेलं. दुसरीच्या हातात तपासायच्या वह्या. आम्ही तिला बांगड्यांची मावशी म्हणायचो.

अशी ती काही हिवाळे येत राहिली. मग एका वर्षी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. कालव्याचं पाणी आलं होतं, शेतं हिवाळ्यातही मोकळी राहीनाशी झाली होती, जंगलात चराईला बंदी झाली होती. कारणं पुष्कळ होती, पण ती आम्ही आमची लावलेली. विचारायचं कोणाला? आईला तिचं गावही माहीत नव्हतं. कापूस निघाला की आई संध्याकाळी ओट्यावर उभी राहायची. पुढे मी शिकले, परीक्षा दिली, पुण्यात नोकरी लागली. बाबा गेल्यावर आईला इकडे घेऊन आले. पण थंडी पडली की ती अजूनही म्हणते, "आता येऊन राह्यले असन ते लोक तिकडे."

म्हणून त्या तक्रारीबद्दल मी आईला आधी काही बोलले नाही. काम झाल्यावर सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आमचा नमुना सहायक तिथे गेलो. आळंदी रस्त्याच्या आत, दोन उंच इमारतींच्या मधल्या प्लॉटवर चार उंटिणी, एक पिल्लू, एक ताडपत्री. विकणारं जोडपं माझ्यापेक्षा वयाने लहान. त्याने जीन्सची पँट घातलेली, तिने काळी ओढणी घेतलेली. हातात बांगड्या होत्या, पण मोजक्या, प्लॅस्टिकच्या. झाडाला एक रंगवलेला फलक टांगलेला, चौकातल्या कुठल्यातरी पेंटरकडून करून घेतलेला. त्यावर 'शुगर, बीपी, गुडघेदुखी, कॅन्सर, मतिमंद मुले' असं सगळं एकाखाली एक. समोर खरोखरच रांग होती. एक आजोबा स्टीलचा डबा घेऊन, दोन तरुण मुली मोबाईलवर व्हिडिओ काढत, आणि एक आई आपल्या न बोलणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन.

त्या मुलाच्या आईकडे बघून मी आधी फलकच उतरवायला सांगितला.

"हे लिहिता येत नाही. दूध विका, औषध म्हणून विकू नका."

"मॅडम, लोग खुद बोलते हैं," नवरा म्हणाला. "डॉक्टर लोक पण घेतात."

"लोकांना बोलू दे. तुम्ही लिहायचं नाही."

त्याने मुकाट्याने दोरी सोडली. फलक उलटा करून जमिनीवर ठेवला आणि पिल्लू त्यावर जाऊन उभं राहिलं. मुली हसल्या. तेवढ्याने वातावरण जरा सैल झालं.

मग मी नमुना घ्यायचं सांगितलं. तिने माझ्यासमोर धार काढली, एका पायावर उभी राहून, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून त्यावर भांडं ठेवून. मी कित्येक वर्षांनी ते पाहत होते. फेस तसाच वर आला. वास तोच. आम्ही दुधाची किंमत दिली, पावती केली, रांगेतले आजोबा साक्षीदार झाले. दूध चार बाटल्यांत भरलं, आणि नियमाप्रमाणे मी प्रत्येक बाटलीत फॉर्मेलिनचे थेंब टाकले. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूध नासू नये म्हणून ते घालावं लागतं. घातलं की ते दूध माणसाच्या उपयोगाचं राहत नाही.

ती बघत होती. "यह क्या डाला?"

"टिकायला. तपासायचंय ना."

"तो अब पिएगा कौन?"

"कोणी नाही."

 बाटल्यांना लाख लावून होईपर्यंत तिने ताडपत्रीमागे चुलीवर चहा ठेवला होता. दोन कपांत ओतून घेऊन आली. एक माझ्यापुढे धरला. "पी लो, बेन."

जिथे तपासणीला जातो तिथे काही खायचं-प्यायचं नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी कधी कोणाच्या हॉटेलात पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मी मान हलवली. "नको. मी घेत नाही."

तिचा हात तसाच राहिला. मग अगदी साध्या आवाजात, भांडायच्या सुरात मुळीच नाही, तिने विचारलं, "हमारे हाथ का नहीं चलता?"

 हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण उंबऱ्याच्या आतून. "तसं नाही," मी म्हणाले. "नियम आहे. कामावर असताना घेता येत नाही. तसं काही नाही." सहायक माझ्याकडे बघायला लागला, कारण मी तेच तेच बोलत होते. तिने "ठीक है" म्हटलं आणि तो कप रांगेतल्या आजोबांना दिला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती थांबली.

"चहा देत होती?"

"हो."

"अन तू नाई म्हटलं?"

"आई, ड्युटीवर होते मी."

"ते मले समजते," आई म्हणाली. "तिले काय समजते?" मग भाजी बाजूला सारून, "मले घेऊन चाल. मी कुठी ड्युटीवर हाओ?"

पण मी तिला लगेच नेलं नाही. तपासणी चालू असताना अधिकाऱ्याच्या आईने तिथे जाऊन बसणं बरं दिसलं नसतं. आई रोज विचारायची, "आला का वं रिपोर्ट?" माझ्या नोकरीतल्या कुठल्याही अहवालाची एवढी वाट कोणी पाहिली नसेल. अहवाल आला तो चांगला. दूध मानकात बसत होतं, पाणी नाही, दुसरं काही नाही. राहता राहिली नोंदणी. मी त्या नवऱ्याला ऑफिसात बोलावून घेतलं आणि समजावलं की लहान विक्रेत्याला मोठा परवाना लागत नाही, नुसती नोंदणी पुरते, आणि फिरत्या विक्रेत्यालाही ती करता येते. त्याच्या आधारकार्डावर कच्छचा पत्ता होता.

"हम तो कहीं रहते नहीं," तो म्हणाला. "आज इधर, कल उधर. कागज में क्या लिखोगे?"

"आत्ता जिथे विकताय तेच," मी म्हणाले. त्याने सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरला, आणि नोंदणी झाल्यावर ती प्लॅस्टिकमध्ये घालून फलकाच्या जागी टांगली. ज्यांनी तक्रार केली होती त्यांना आम्ही रीतसर उत्तर पाठवलं, की चालतं. ते रांगेत उभे राहिले का, ते मला माहीत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी आईला नेलं. तिने कपाटातली चांगली सुती साडी नेसली होती. बरोबर डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. उंटिणी बघून ती गाडीतून उतरताच गाडीच्या दाराशीच उभी राहिली. मग सरळ त्या बाईकडे गेली, डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "मले चहा पायजे."

ती बाई माझ्याकडे बघून हसली. "आज ड्युटी नहीं?"

"आज नाही," मी म्हणाले.

आम्ही ताडपत्रीवर बसून चहा प्यायलो. पहिल्या घोटालाच माझे डोळे भरून आले, म्हणून मी पिल्लाकडे बघत राहिले. आईने मात्र डोळे मिटले आणि कप संपेपर्यंत उघडले नाहीत. मग तिने बांगड्यांच्या मावशीची चौकशी सुरू केली. उंची एवढी, बांगड्या इथपर्यंत, गालावर गोंदलेले तीन ठिपके, यवतमाळकडे येत होती, ओळखते का?

"पहले तो सबके ऐसे ही थे, माजी," ती म्हणाली. "बांगड्या पण, ठिपके पण. विदर्भ तरफ बहुत टोली जाती थी."

"नाव मी कधी इचारलंच नाई," आई म्हणाली. "बाई म्हणत होती ती मले, अन मी तिले बाई."

मग मीच तिला विचारलं की दूध विकायला कधीपासून लागलात. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिची सासू अजून गावाकडे असते आणि तिला हे आवडत नाही, असं तिने सांगितलं. त्यांच्यात उंटिणीचं दूध विकत नव्हते. पाहुण्याला द्यायचं, आजाऱ्याला द्यायचं, वाटेत कोणी पाणी दिलं तर त्याला द्यायचं. विकलं की जनावर आटतं, असं सासू म्हणते. "पण आता सामान टेम्पोतून जातं. उंटाला काम काय? नहीं बेचेंगे तो उंट ही बेचना पड़ेगा."

आई हे लक्ष देऊन ऐकत होती. निघताना तिने पैसे देऊ केले नाहीत. मी पाकिटाला हात घातला, तर तिने माझा हात दाबला. त्या बाईनेही मागितले नाहीत. कायदा विक्रीचा आहे. तिने दिलेल्या त्या चहाला मी काय म्हणावं, याचा विचार मी गाडीत करत होते आणि आई खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होती.

मग दर रविवारी आम्ही जायला लागलो. आई तिला मराठी शिकवू लागली, शिक्षिकाच ती. ती आईला 'बाई' म्हणायला लागली. मी न सांगता. त्या पहिल्या 'बाई'ला आईने मान वळवून ज्या तऱ्हेने पाहिलं, ते मी विसरणार नाही. नोकरी, बदल्या, घराचे हप्ते, माझ्या मुलाचं कॉलेज यांतून आईचं आयुष्य पुढे सरकलं असं मला वाटत होतं. ते सरकलं नव्हतं. ती तिथेच ओट्यावर होती.

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी गेलो, तर प्लॉटला निळे पत्रे लागले होते. आत जेसीबी चालू. सुरक्षारक्षक म्हणाला, "गेले की ते. मंगळवारी गेले. मालकाचं काम सुरू झालं." आई पत्र्याच्या फटीतून बराच वेळ बघत राहिली. परत येताना माझ्यावर चिडली. "तुह्यापाशी नंबर होता ना त्याचा? फोन काहून नाई केला?" मी केला. स्विच ऑफ. नंतरही केला. पावसाळाभर तो फोन लागला नाही, आणि आईने मावशीचं नाव काढणंही बंद केलं.

थंडीच्या सुरुवातीला त्याचाच फोन आला. ते शिरूरच्या पुढे, नगर रस्त्याला होते. कागद तिथे चालेल का, की पत्ता बदलावा लागेल, असं त्याला विचारायचं होतं. मी बदल कसा करायचा ते सांगत होते, तोवर आईने फोन काढून घेतला. "बाईले दे."

फोनवरचं बोलणं मला नीट ऐकू येत नव्हतं. आईचं नुसतं "हाओ, हाओ" चाललं होतं.  मग म्हणाली, "नाई. ते नसन."

फोन ठेवल्यावर तिने सांगितलं. त्यांच्यात लग्नं गोकुळाष्टमीला असतात, त्यासाठी पावसाळ्यात ते कच्छला गेले होते. तिने तिथे बायकांमध्ये विचारलं. कोणाच्या तरी नात्यातली एक म्हातारी पूर्वी विदर्भाकडे जायची, यवतमाळचं नाव घ्यायची, गालावर गोंदण होतं. ती मागच्या वर्षी वारली.

"तीच असेल, आई," मी हळूच म्हणाले.

"नसन," आई म्हणाली. "तिकडे जाणाऱ्या काय एकच होत्या का? गोंदण सगळ्यायलेच होतं. तूच तर आयकलं." आणि ती उठून आत गेली.  तिला पुरावा नको होता, आणि तपासून खरंखोटं सांगायचं ते माझं ऑफिसातलं काम.

पुढच्या सुट्टीला आम्ही शिरूरकडे गेलो. पत्ता म्हणजे फक्त 'पेट्रोल पंपाच्या पुढे डाव्या हाताला'. कांद्याच्या शेतांमागे एक पडीक माळ होता, त्यावर उंटिणी चरत होत्या. एका नव्या पिल्लाला अजून धड उभं राहता येत नव्हतं. ती बाई लांबूनच ओरडली, "बाई आली!" आई काठी टेकत वाट सोडून ढेकळांतून निघाली. मी मागून म्हणत होते, हळू, पडशील. तिने ऐकलं नाही.

दोघी एका गोधडीवर बसल्या. आईने विचारलं काहीच नाही. ना लग्नाचं, ना त्या म्हातारीचं. बाई लोकर कातत होती, आई पिल्लाच्या मानेवरून हात फिरवत होती. नवऱ्याने मला नोंदणी मोबाईलवर दाखवली, पत्त्याच्या बदलाचं काम कुठे अडलंय ते विचारलं, आणि मी त्याच्याबरोबर सावलीत बसून ते करून दिलं. काम संपवून वर पाहिलं, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि आई त्या बाईच्या खांद्याला टेकून झोपली होती. बाईने तकली थांबवून मला खूण केली, उठवू नका म्हणून.